स्टेट बँकेत पीओ: परीक्षा, पगार, दोन लाखांचा बाँड आणि पहिल्या तीन वर्षांचं काम

पदवीचं शेवटचं वर्ष आलं की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांमध्ये एक वाक्य ऐकू येतं, 'बँकेची परीक्षा दे.' हे वाक्य बहुतेकदा ज्या पदासाठी असतं, ते म्हणजे भारतीय स्टेट बँकेतलं प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजेच पीओ. कोणत्याही शाखेचा पदवीधर थेट अधिकारी म्हणून बँकेत जाऊ शकतो, असा हा दरवाजा आहे.

पण या दरवाजातून आत गेल्यावर नेमकं काय असतं? पगाराच्या जाहिरातीतला आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत फरक का असतो? दोन लाखांचा बाँड म्हणजे काय? शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकला असेल तर नोकरी मिळते का? आणि पहिल्या दिवसापासून ज्या कागदांवर सही करायची, त्याची जबाबदारी किती मोठी असते?

या प्रश्नांची ही सविस्तर उत्तरं.

पीओ म्हणजे नेमकं कोण?

प्रोबेशनरी ऑफिसर म्हणजे परिविक्षाधीन अधिकारी. बँकेच्या अधिकारी श्रेणीची ही पहिली पायरी. बँकेच्या भाषेत तिला 'ज्युनिअर मॅनेजमेंट ग्रेड स्केल वन' किंवा नुसतं 'स्केल वन' म्हणतात.

बँकेत साधारण दोन प्रकारची भरती होते. एक लिपिक संवर्गाची. स्टेट बँकेत या पदाला ज्युनिअर असोसिएट म्हणतात. काउंटरवर पैसे घेणारे, देणारे, पासबुक भरणारे कर्मचारी या संवर्गातले. दुसरी भरती अधिकाऱ्यांची. लिपिकानं केलेली नोंद तपासून ती मंजूर करणं, कर्जाचा प्रस्ताव तयार करणं, शाखेची तिजोरी सांभाळणं ही कामं अधिकाऱ्याची.

स्टेट बँकेचा इतिहास १८०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ कलकत्तापर्यंत मागे जातो. बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन बँका १९२१ मध्ये एकत्र येऊन इम्पीरियल बँक ऑफ इंडिया झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिचीच स्टेट बँक झाली. आज या बँकेच्या देशभरात २२ हजारांहून अधिक शाखा आहेत आणि मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला आहे.

पीओकडे अनेक जण आशेनं पाहतात त्याचं आणखी एक कारण आहे. बँकेच्या अध्यक्षपदावर आलेल्या पहिल्या महिला अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये पीओ म्हणूनच रुजू झाल्या होत्या. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष रजनीश कुमार १९८० मध्ये, दिनेशकुमार खारा १९८४ मध्ये आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अध्यक्ष झालेले सी. एस. शेट्टी १९८८ मध्ये याच पदावर दाखल झाले होते. अर्थात हजारोंमधून तिथवर एखादाच पोहोचतो. बहुतेकांसाठी खरा प्रश्न पहिल्या काही वर्षांचाच असतो.

अर्ज कोण करू शकतं?

वय २१ ते ३० वर्षं आणि कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, या दोन मुख्य अटी. वाणिज्य किंवा अर्थशास्त्र शिकलेलं असणं बंधनकारक नाही. बीए, बीएस्सी, अभियांत्रिकी, कृषी पदवीधर, कोणीही अर्ज करू शकतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, पण जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

वयात अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं आणि ओबीसींना ३ वर्षं सवलत असते. दिव्यांग उमेदवारांना सर्वसाधारण प्रवर्गात १० वर्षांची सवलत मिळते.

परीक्षेला किती वेळा बसता येईल, यावरही मर्यादा आहे. खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला ४ संधी, ओबीसींना ७ संधी. अनुसूचित जाती आणि जमातींना अशी मर्यादा नाही. त्यामुळे 'यंदा नुसतं बसून बघू' म्हणत तयारीशिवाय परीक्षा देणं महागात पडू शकतं. संधी नेमकी कधी मोजली जाते, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्यावं.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची गल्लत कुठे होते?

जातीच्या दाखल्यात.

स्टेट बँकेच्या भरतीत केंद्र सरकारचं आरक्षण लागू होतं, राज्याचं नाही. त्यामुळे राज्याच्या यादीत जात आहे म्हणजे इथेही सवलत मिळेल, असं गृहीत धरता येत नाही. जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत असावं लागतं आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी वेगळे प्रवर्ग आहेत. केंद्राच्या भरतीत असे वेगळे प्रवर्ग नसतात. आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत येते, हे आधी पाहावं लागतं.

मराठा समाजासाठी राज्यानं २०२४ मध्ये केलेला एसईबीसी कायदाही राज्याच्या नोकऱ्यांपुरता आहे. या उमेदवारांना स्टेट बँकेत एसईबीसीचा लाभ मिळत नाही. ज्यांचा केंद्राच्या कोणत्याही आरक्षित यादीत समावेश नाही आणि जे उत्पन्न व मालमत्तेच्या निकषांत बसतात, ते ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतात. ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रीमीलेअर दाखल्यांची मुदत, आर्थिक वर्ष आणि नमुना तपासून घ्यावा. मुलाखतीच्या टप्प्यावर दाखल्याची तारीख चुकीची निघाली तर लेखी परीक्षेचे गुण उपयोगी पडत नाहीत.

परीक्षा कशी असते?

परीक्षेचे तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा पूर्व परीक्षेचा. १०० गुण, एक तास. इंग्रजी, अंकगणित आणि तर्कक्षमता असे तीन विभाग आणि प्रत्येकाला स्वतंत्र २० मिनिटं. म्हणजे इंग्रजीत वाचवलेला वेळ गणिताला वापरता येत नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. या परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. ही फक्त चाळणी आहे. जागांच्या साधारण दहापट उमेदवार पुढे जातात.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षेचा. इथे २०० गुणांची वस्तुनिष्ठ आणि ५० गुणांची वर्णनात्मक परीक्षा असते. वस्तुनिष्ठ भागात तर्कक्षमता व संगणक, आकडेवारीचं विश्लेषण, बँकिंग आणि अर्थव्यवस्थेचं ज्ञान आणि इंग्रजी असे विषय असतात. वर्णनात्मक भाग इंग्रजीत आणि संगणकावर टाइप करून लिहायचा असतो.

तिसऱ्या टप्प्यात मानसशास्त्रीय चाचणी, २० गुणांचा गट-उपक्रम आणि ३० गुणांची मुलाखत असते.

अंतिम यादी लावताना मुख्य परीक्षेचे २५० गुण ७५ पैकी आणि तिसऱ्या टप्प्याचे ५० गुण २५ पैकी धरले जातात. सोप्या गणितात सांगायचं तर मुख्य परीक्षेत १०० गुण मिळाले तर त्याचे ३० होतात आणि मुलाखत व गट-उपक्रमात मिळून ३० मिळाले तर त्याचे १५ होतात. एकूण ४५. याचा अर्थ असा, की तिसऱ्या टप्प्यातला एक गुण अंतिम यादीत अर्धा गुण देतो, तर मुख्य परीक्षेतला एक गुण त्याहून कमी, ०.३ गुण देतो. 'मुलाखतीचं नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. लिपिक पदाच्या परीक्षा मराठीसह प्रादेशिक भाषांमधून देता येतात. पीओची परीक्षा मात्र इंग्रजी आणि हिंदीत असते. त्यात इंग्रजीचा विभाग वेगळा आहेच. पत्र, अहवाल, सारांश असं लेखन संगणकावर रोज थोडं थोडं करत राहिलं तर शेवटच्या महिन्यात धावपळ होत नाही.

जागा किती असतात?

दरवर्षी सारख्या नसतात. पीओच्या जागा २०२१ मध्ये २,०५६, २०२२ मध्ये १,६७३ आणि २०२३ मध्ये २,००० होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये निघालेल्या जाहिरातीत त्या ६०० झाल्या आणि २०२५ च्या जाहिरातीत ५४१.

म्हणजे एका उमेदवारानं सलग चार वर्षं तेवढीच तयारी केली तरी त्याच्यासमोरचा दरवाजा दरवर्षी कमी-अधिक उघडा असतो. अपयश आलं तर ते पूर्णपणे स्वतःचंच असतं असं नाही, हे उमेदवारानं आणि घरच्यांनीही समजून घ्यायला हवं. म्हणूनच बरेच जण स्टेट बँकेसोबत आयबीपीएसची परीक्षाही देतात. स्टेट बँक सोडून उरलेल्या ११ सरकारी बँकांसाठी ही सामाईक भरती होते. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र, मुंबईत मुख्यालय असलेल्या बँक ऑफ इंडिया, युनियन बँक आणि सेंट्रल बँक या त्यातल्याच. अभ्यासक्रम बराचसा सारखा असल्यानं वेगळी तयारी लागत नाही.

पगार किती? आणि हातात किती?

इथे दोन आकडे वेगळे समजून घ्यायला हवेत.

पहिला आकडा मूळ वेतनाचा. बँक कर्मचारी संघटना आणि बँकांचा वेतन करार दर पाच वर्षांनी होतो. मार्च २०२४ मध्ये झालेला बारावा करार १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार स्केल वनचं मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होतं. स्टेट बँक आपल्या पीओंना सुरुवातीलाच चार आगाऊ वेतनवाढी देते. एक वेतनवाढ २,००० रुपयांची. म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन होतं ५६,४८० रुपये.

त्यावर महागाई भत्ता मिळतो. तो दर तीन महिन्यांनी महागाई निर्देशांकानुसार बदलतो. शिवाय शहरानुसार काही भत्ते असतात.

दुसरा आकडा वार्षिक एकूण खर्चाचा, म्हणजे सीटीसीचा. जाहिरातीत मुंबईसाठी दिलेला हा आकडा वीस लाखांच्या आसपासचा असल्यानं तोच सगळीकडे फिरतो. पण हा बँकेचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च आहे. त्यात बँकेनं भाड्यानं घेऊन दिलेल्या घराचं भाडं, निवृत्तिवेतन खात्यात बँक भरत असलेली रक्कम, वैद्यकीय आणि इतर सुविधा असं सगळं धरलेलं असतं. त्यातला बराच भाग पगाराच्या दिवशी खात्यात जमा होत नाही.

उलट पगारातून वजावट होते. नव्या अधिकाऱ्यांना जुनी पेन्शन लागू नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना लागू आहे. त्यासाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम पगारातून जाते. प्राप्तिकर आणि व्यवसाय कर वेगळा.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की सीटीसीचा आकडा बाराने भागून घरासाठी कर्जाचा हप्ता ठरवू नये. आणि घराची सोय नाकारून स्वतःच्या घरात राहणाऱ्याचा हिशोब, मुंबईत बँकेचं घर घेणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.

दोन लाखांचा बाँड म्हणजे काय?

रुजू होताना पीओला एक करार करून द्यावा लागतो. बँकेत किमान तीन वर्षं नोकरी करीन, त्याआधी सोडली तर दोन लाख रुपये देईन, असा.

अनेक उमेदवार रुजू झाल्यावरही रिझर्व्ह बँक, एमपीएससी, यूपीएससी किंवा एमबीएची तयारी करत असतात. त्यांच्यासाठी हा करार महत्त्वाचा आहे. 'कोर्टात असे बाँड टिकत नाहीत' असं अनेकदा सांगितलं जातं. पण सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिला.

प्रकरण विजया बँकेचं होतं. ही बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिथल्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं पूर्ण होण्याआधी दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, दोन लाख रुपये भरले आणि नंतर ही अट बेकायदा असल्याचं सांगत उच्च न्यायालयात धाव घेतली. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. ही अट नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायला मनाई करत नाही, नोकरीच्या काळातल्या सेवेपुरती ती मर्यादित आहे. त्यामुळे ती व्यवसाय करण्यावरचं बंधन ठरत नाही. शिवाय सरकारी बँकेला खासगी कंपनीसारखी ओळखीनं माणसं घेता येत नाहीत. जाहिरात, खुली स्पर्धा, निवड यादी अशी लांब आणि खर्चिक प्रक्रिया करावी लागते. अधिकारी लवकर गेला तर हा खर्च वाया जातो.

त्यामुळे सही करताना बाँडकडे औपचारिकता म्हणून पाहू नये. तीन वर्षांच्या आत दुसरीकडे जाण्याची शक्यता असेल तर दोन लाखांची तजवीज आधीपासून करणं शहाणपणाचं.

शैक्षणिक कर्ज थकलं असेल तर?

ही बाब अनेकांना शेवटच्या क्षणी कळते. स्टेट बँकेच्या जाहिरातीत उमेदवाराच्या कर्जफेडीच्या इतिहासाबद्दल अट असते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डची देणी थकवल्याची नोंद असेल आणि सिबिलसारख्या संस्थेचा अहवाल प्रतिकूल असेल तर नियुक्ती अडचणीत येते.

जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. स्टेट बँकेच्या सर्कल बेस्ड ऑफिसर पदासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराची नियुक्ती प्रतिकूल सिबिल अहवालामुळे रद्द झाली होती. न्यायालयानं बँकेचा निर्णय कायम ठेवला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, हा त्यामागचा विचार.

घरच्या परिस्थितीमुळे शैक्षणिक कर्जाचे हप्ते थांबलेल्या मुलांसाठी ही अट कठोर वाटू शकते. नोकरी लागली तरच हप्ते फिटतील आणि हप्ते फिटले तरच नोकरी लागेल, असा हा पेच आहे. पण मार्ग असतो. कर्ज देणाऱ्या बँकेशी आधीच बोलून परतफेडीची मुदत वाढवून घेणं, थकलेली रक्कम भरून तसा दाखला घेणं आणि सिबिलवरची नोंद दुरुस्त झाली का ते तपासणं, ही कामं अर्ज भरायच्या आधीच करावीत. नोंद बदलायला वेळ लागतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनीही आपला अहवाल पाहून घ्यावा. जामीनदाराच्या नावावरही ती नोंद येते.

रुजू झाल्यावर काम काय असतं?

परिविक्षेचा काळ दोन वर्षांचा. या काळात प्रशिक्षण, ऑनलाइन अभ्यासक्रम, वेगवेगळ्या कामांचा अनुभव आणि सतत मूल्यमापन चालतं. ठरवलेली पातळी गाठली की अधिकारी म्हणून कायम केलं जातं. फार चांगली कामगिरी करणाऱ्यांना थेट स्केल टूमध्ये कायम करण्याचीही तरतूद आहे.

शाखेतला दिवस साधारण तिजोरीपासून सुरू होतो. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. एकट्या माणसाला तिजोरी उघडता येत नाही. संध्याकाळी रोकड मोजून संगणकातल्या शिलकीशी जुळवल्याशिवाय दिवस संपत नाही. शंभर रुपयांचा फरक आला तरी सगळे थांबतात.

दिवसभराचं मुख्य काम म्हणजे मंजुरी देणं. बँकेत प्रत्येक व्यवहार दोन हातांतून जातो. एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. बँकेत याला 'मेकर-चेकर' पद्धत म्हणतात. नवा अधिकारी चेकर असतो. सही जुळते का, केवायसीची कागदपत्रं पूर्ण आहेत का, मोठी रक्कम काढणारा खातेदार तोच आहे का, हे पाहणं त्याचं काम.

त्यानंतर कर्ज विभाग. फायनान्समधलं करिअर खऱ्या अर्थानं सुरू होतं ते इथे.

समजा शाखा मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी आहे आणि शेतकरी पीककर्जासाठी आला आहे. अधिकाऱ्याला सातबारा आणि फेरफार वाचता यायला हवा. जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे, इतर हक्काच्या रकान्यात आधीच दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, किती क्षेत्रावर कोणतं पीक आहे, हे पाहून रक्कम ठरते. कर्ज दिल्यावर स्वतःच्या बँकेचा बोजा चढला का, हेही बघावं लागतं.

किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्के व्याजानं मिळतं आणि वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. शेतकऱ्याला ही तारीख वेळेवर सांगणं हेही अधिकाऱ्याचंच काम. तारीख चुकली तर नुकसान त्या घराचं होतं.

शहरात हेच काम वेगळं दिसतं. छोट्या दुकानदाराच्या मुद्रा कर्जासाठी दुकानाला भेट द्यावी लागते, गृहकर्जासाठी इमारतीची कागदपत्रं तपासावी लागतात, कारखान्याच्या कर्जासाठी ताळेबंद आणि मालाचा साठा पाहावा लागतो.

कर्ज दिलं की वसुलीही आली. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरतं. त्याआधी १ ते ३०, ३१ ते ६० आणि ६१ ते ९० दिवस अशा तीन टप्प्यांवर नजर ठेवली जाते. शेतीकर्जाला हा हिशोब हंगामावर चालतो. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर ते एनपीए होतं. कर्जदाराला वेळेत फोन करणारा अधिकारी आणि ८९व्या दिवशी जागा होणारा अधिकारी, यांच्या शाखेच्या ताळेबंदात फरक पडतो.

सहीची जबाबदारी किती?

नव्या अधिकाऱ्यांची सर्वात मोठी परीक्षा ही असते, पण अभ्यासक्रमात ती नसते.

शाखेत गर्दी असते, माणसं कमी असतात, विमा आणि इतर योजनांची उद्दिष्टं पूर्ण करायची असतात. अशा वेळी 'आधी मंजूर करून टाक, कागद उद्या येतील' असं कुणीतरी म्हणतं. किंवा सोयीसाठी एकमेकांचे पासवर्ड वापरले जातात. काही वर्षांनी त्या व्यवहारात गैरप्रकार निघाला, तर संगणकात ज्याचं नाव आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं. सरकारी बँकांमध्ये दक्षता विभाग असतो आणि त्यावर केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख असते. बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेल्यावरही जुन्या शाखेतल्या सहीबद्दल विचारणा होऊ शकते.

यावर उपाय साधे आहेत, पण ते पहिल्या दिवसापासून करावे लागतात. पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, वरिष्ठांनाही नाही. न वाचता सही करायची नाही. तोंडी सूचना मिळाली तर ती ईमेलवर मागायची. समजलं नाही तर विचारायचं. नवा माणूस प्रश्न विचारतो यात कुणाला नवल वाटत नाही. पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारणं अवघड जातं.

बदली कुठे होते?

देशात कुठेही. अर्ज भरतानाच ही अट मान्य केलेली असते. नेमणूक बँकेच्या गरजेनुसार होते. महाराष्ट्रातल्या मुलीला ओडिशात किंवा तमिळनाडूत जावं लागू शकतं, तसंच बिहारमधून आलेला अधिकारी गडचिरोलीत दिसतो. पुढच्या बढतीसाठी ग्रामीण किंवा निमशहरी भागातल्या सेवेलाही महत्त्व असतं.

आई-वडिलांचं आजारपण, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा या सगळ्यांवर याचा परिणाम होतो. त्यामुळे हा निर्णय एकट्या उमेदवाराचा राहत नाही. 'सरकारी नोकरी म्हणजे गावाजवळ' हे समीकरण पीओला लागू पडत नाही, हे घरात आधीच बोललेलं बरं. गावाजवळच राहणं गरजेचं असेल, तर लिपिक पद हा अधिक योग्य पर्याय ठरू शकतो. ती भरती राज्यनिहाय होते, स्थानिक भाषा यावी लागते आणि तिथूनही परीक्षा देऊन अधिकारी होता येतं.

पुढची वाटचाल कशी असते?

स्केल वननंतर स्केल टू, थ्री, फोर अशा सातपर्यंतच्या पायऱ्या असतात आणि त्यावर सर्वोच्च पदं. स्केल टूचं मूळ वेतन ६४,८२० रुपयांपासून आणि स्केल थ्रीचं ८५,९२० रुपयांपासून सुरू होतं.

पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेक अधिकारी जेएआयआयबी आणि त्यानंतर सीएआयआयबी या परीक्षा देतात. त्या मुंबईतली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था घेते. उत्तीर्ण झाल्यावर वेतनवाढ मिळते आणि बढतीतही उपयोग होतो. विषय रोजच्या कामाचेच असल्यामुळे नोकरी करताना त्या देता येतात.

शाखेबाहेरही वाटा आहेत. परकीय चलन, ट्रेझरी, मोठ्या उद्योगांची कर्जं, जोखीम व्यवस्थापन, परदेशातल्या शाखा. तिथे जाण्यासाठी पाया मात्र शाखेतल्या कर्जविभागात पक्का झालेला असावा लागतो.

खासगी बँक की सरकारी?

दोन्हींचे हिशोब वेगळे आहेत. खासगी बँकांमध्ये शहर निवडण्याची मुभा तुलनेनं जास्त आणि चांगल्या कामगिरीवर पगार लवकर वाढू शकतो. पण विक्रीची उद्दिष्टं कडक असतात आणि नोकरीची शाश्वती कमी. काही खासगी बँका शिक्षणसंस्थांच्या मदतीनं शुल्क आकारून अभ्यासक्रम चालवतात आणि तो पूर्ण केल्यावर नोकरी देतात. त्यासाठी कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पद कोणतं, पहिल्या वर्षी हातात किती आणि मध्येच सोडलं तर किती भरावं लागेल.

तिसरा पर्याय पुण्या-मुंबईत वाढला आहे. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, बीएनवाय अशा परदेशी बँकांची मोठी कार्यालयं पुण्यात आहेत. तिथे ग्राहक समोर नसतो. व्यवहारांची पडताळणी, जोखीम, अहवाल, तंत्रज्ञान अशी कामं असतात.

फसवणूक कशी टाळायची?

स्टेट बँकेच्या भरतीत उमेदवाराकडून फक्त अर्जाचं शुल्क घेतलं जातं. खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गासाठी ते ७५० रुपये आहे आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना शुल्क नाही. याव्यतिरिक्त 'सुरक्षा ठेव', 'प्रशिक्षण शुल्क', 'मेडिकलचे पैसे' असं कोणी मागितलं तर ती फसवणूक आहे. बाँडची रक्कमही आधी भरायची नसते. नियुक्तीपत्र आलं तर बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या निकालात आपला क्रमांक आहे का, हे आधी तपासावं.

रुजू होण्याआधी काय तपासावं?

जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि मुदतीत आहे का. सिबिल अहवालात जुनी थकबाकी दिसते का. तीन वर्षं या नोकरीत राहण्याची तयारी आहे का, नसेल तर दोन लाखांची सोय आहे का. दुसऱ्या राज्यात जाण्याबद्दल घरी बोलणं झालं आहे का. हातात येणाऱ्या पगाराचा हिशोब सीटीसीवरून नाही, तर मूळ वेतनावरून केला आहे का.

या पाच प्रश्नांची उत्तरं निकालाच्या आधी तयार असतील, तर रुजू होण्याचा दिवस कागदपत्रांच्या धावपळीत जात नाही आणि नव्या अधिकाऱ्याला पहिल्या सहीकडे नीट लक्ष देता येतं.